सांगायला आले, ऐकून गेले

इचोड्याच्या आठवडी बाजारात अर्धा तास फिरले तरी पाच भाषा कानांवर पडतात. भाव तेलुगूत सांगितला जातो, घासाघीस मराठीत होते, कोर्टकचेरीचे आणि जमिनीचे शब्द अजून निजामाच्या काळातल्या उर्दूतले असतात. तांड्यावरच्या बाया आपसात गोरमाटीत बोलतात आणि उटनूर-इंद्रवेल्लीच्या बाजूने आलेली गोंड मंडळी आपले सुखदुःख गोंडीत सांगून घेतात. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे हे आमचे गाव. वरच्या अंगाला पैनगंगा आणि पलीकडे महाराष्ट्र. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. पुढे २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पाट्या बदलत गेल्या, बाजार मात्र तसाच बहुभाषी राहिला.

या बाजारगावात आणि आसपासच्या पाड्यांवर गेल्या काही वर्षांत आणखी एक आवाज मिसळला आहे. रविवारी सकाळी पत्र्याच्या एखाद्या साध्या खोलीतून ढोलकीच्या ठेक्यावर भजने ऐकू येतात. भजने येशू ख्रिस्ताची, बहुधा तेलुगूत, क्वचित मराठीत. हा आवाज आला की आमच्या मराठी घरांतून ओसरीवर एक ठराविक चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, "सगळा पैशाचा खेळ आहे. तांदळाचे पोते दाखवायचे आणि माणूस ओढायचा." दुसरा म्हणतो, "काही का असेना, दवाखाना काढला तो त्यांनीच. आपण काय काढले?" चहा संपतो, चर्चा संपते. दोघांपैकी कोणीही त्या पत्र्याच्या खोलीत डोकावलेले नसते, आणि इतिहासातही नसते.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. पण शाळामास्तराला एक सवय असते. दोन विद्यार्थी भांडत आले की आधी वही पाहायची. म्हणून या विषयाची वही उघडून पाहावी असे वाटले.

पहिले पान तर आपल्याच भाषेचे निघते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्याला उतरला आणि जवळजवळ चाळीस वर्षे तिथेच राहून १६१९ साली वारला. त्याने ख्रिस्ताची कथा सांगायला लॅटिनचा आधार घेतला नाही. आपल्या संतांची ओवी घेतली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले, तेही रोमन लिपीत. परक्या मुलखातल्या माणसाने मराठीची जी थोरवी त्यात गायिली आहे ती आजही शाळेच्या पुस्तकातून आपण अभिमानाने शिकवतो. पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरे या बाप्टिस्ट मिशनऱ्याने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापला. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनच्या लोकांनी शाळा काढल्या. त्यांच्याच अहमदनगरच्या मुलींच्या शाळेतले काम जोतीराव फुल्यांनी पाहिले आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा उघडली, हे आपण सारे जाणतो.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही सर्व मंडळी काहीतरी सांगण्यासाठी आली होती. त्यांनी ते कधी लपवले नाही. पण सांगण्याआधी त्यांना ऐकावे लागले. ज्याला सांगायचे त्याच्या तोंडचा शब्द शिकावा लागला, त्याची म्हण, त्याची शिवी, त्याची अंगाई ऐकावी लागली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरावर घालवली, ती याच आग्रहापायी. आधीचे भाषांतर जड आहे, अडाणी बाईला कळणार नाही, असे त्यांना वाटे. त्या १९२२ साली गेल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर आले, आणि ते छापणारे हात केडगावच्याच स्त्रियांचे होते.

दुसरे पान मात्र दुखरे आहे, आणि ते आमच्या निजामी मुलखाच्या जवळचे आहे.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले तरुण मुंबईच्या मिशन शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बारा वर्षांचे, तोही मिशनच्या घरी राहायला गेला. वडिलांनी कोर्टाची पायरी चढली आणि कोर्टाने पोराला बापाच्या स्वाधीन केले. पोरगा घरी तर आला, पण मिशनघरात जेवलेला! आता त्याला पंक्तीला घ्यायचे की नाही? मुंबईची सारी ब्राह्मण वस्ती या प्रश्नावर दुभंगली. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

हे प्रकरण वाचताना माझ्या मनात नेहमी त्या बापाचा विचार येतो. एक मुलगा गेला तो गेलाच, दुसरा परत आला तर आपलीच माणसे त्याला दारात उभे करीनात. धर्मांतराची चर्चा आपण संख्येत करतो, किती गेले, किती आले. पण ज्या घरातले माणूस जाते त्या घरात ती संख्या नसते. तिथे रिकामा पाट असतो. मिशनच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही हे दुःख पुरेसे मोजले नाही, असे मला वाटते. बारा वर्षांच्या पोराच्या श्रद्धेवर कोर्टापर्यंत भांडावे, यात ऐकणे कमी आणि जिंकणे जास्त होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. हेच नारायण शेषाद्री पुढे १८६० नंतरच्या काळात निजामाच्या राज्यात जालन्याला आले. त्यांनी काम निवडले ते मुख्यतः मातंग समाजात, म्हणजे ज्यांच्या सावलीपासून त्यांचे स्वतःचे पूर्वज दूर राहत होते त्यांच्यात. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. त्यासाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. म्हणजे मुसलमान राज्याच्या दिवाणाने दिलेल्या जमिनीवर ब्राह्मण जन्माच्या ख्रिस्ती माणसाने मातंगांचे गाव वसवले! आमच्या या मुलखाचा स्वभाव पाहायचा तर हा एक दाखला पुरे.

तिथे गेलेल्या माणसाला काय मिळाले असेल? धर्मशास्त्राचा काथ्याकूट त्याला किती कळला असेल, सांगता येत नाही. पण घर बांधायला जागा, पोराला शाळेचे दार आणि हाक मारताना सरळ नाव, एवढे तर मिळाले. आमच्या ओसरीवरचा पहिला माणूस याला आमिष म्हणेल. म्हणू दे. पण विहिरीचे पाणी, शाळेतली जागा आणि सरळ नाव ही जर आमिषे ठरत असतील, तर ती आमच्या गावांनी हातची का सोडली, हा प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारायला हवा.

तिसरे पान आमच्या शेजाऱ्यांचे, गोंडांचे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा पाद्री १८४५ साली नागपूरला आला. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. त्याने शाळा काढली. त्याचेच नाव पुढे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला मिळाले आणि आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी तिथे शिक्षण घेतले. हिस्लॉपला दगडांचा नाद होता, जीवाश्म गोळा करी. पण त्याहून मोठा नाद त्याला होता तो गोंडांच्या कथांचा. एका परधानाच्या तोंडून त्याने लिंगोची गाथा गोंडीत उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणारा, त्यांना कुळांत बसवणारा आणि देवपूजा लावून देणारा तो लिंगो. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळे पाहून बोरीला परतताना, रात्रीच्या अंधारात, पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाला. त्याचे कागद १८६६ साली रिचर्ड टेंपलने छापले आणि लिंगोची कथा जगापुढे आली.

पाहा, हा माणूस आला होता तो गोंडांना त्यांचे देव सोडायला सांगण्यासाठी. किती गोंडांनी त्याचे ऐकले हा भाग वेगळा. पण त्याने गोंडांचे ऐकले म्हणून त्यांच्या देवाची कथा कागदावर राहिली. पुसायला आलेल्या हाताने लिहून ठेवले, अशी ही उलटी गोष्ट आहे.

इथे परधानांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. परधान म्हणजे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून ते गोंडांच्या कुळकथा गोंडीत गातात. आणि आमच्या आदिलाबादकडच्या परधानांची घरची बोली कोणती? मराठी! घरात मराठी बोलणारा माणूस दुसऱ्याच्या दारी जाऊन त्याचे पुराण त्याच्याच भाषेत गातो. मिशनरी यायच्या कितीतरी आधीपासून आमच्या मातीत ही रीत होती. मराठी माणसाला गोंडी ऐकायला कोणा पाद्रीने शिकवण्याची गरज नव्हती. ती परंपरा परधानाने जपली आणि आम्ही बाकीच्यांनी त्या परधानाला दारातच उभे ठेवले.

हिस्लॉपनंतर दोन पिढ्यांनी याच वाटेवर एक मराठी माणूस चालला. व्हेरिअर एल्विन १९२७ साली मिशनरी म्हणून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. १९३२ च्या आरंभी तो मंडला भागातल्या करंजिया या गोंड गावी राहायला गेला. बरोबर होते शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती तरुण. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांचे घर असे काम त्यांनी मांडले. पण गोंडांना ख्रिस्ती करण्याची इच्छाच एल्विनच्या मनातून गळून गेली. चर्चला ते पसंत पडले नाही आणि १९३५ साली त्याने चर्च सोडले. शामराव मात्र गोंड-परधानांत रमले आणि १९४६ साली त्यांचे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. एल्विनचे नाव जगभर झाले. शामराव हिवाळ्यांचे नाव महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नाही. ख्रिस्ती म्हणून मराठीजनांनी त्यांना आपले मानले नाही, की जंगलात गेले म्हणून विसरले? बहुधा दोन्ही.

चौथे पान दवाखान्याचे. इचोड्याहून हैदराबादला निघालो की निर्मल, आर्मूर मागे टाकून डिचपल्ली लागते. तिथे इझाबेल कर या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी आपले पती जॉर्ज कर यांच्यासह १९१५ च्या सुमारास कुष्ठरोग्यांचे रुग्णालय उभारले. त्या काळी या रोगाला 'महारोग' म्हणत. तो झालेल्या माणसाला घरचेच गावाबाहेर काढत. रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली ती नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थाने. कडूकवठीच्या जातीच्या झाडांच्या बियांचे तेल टोचून तेव्हा उपचार करीत. ते फार दुखे आणि वर्षानुवर्षे चाले. ज्या हाताला कोणी शिवत नव्हते तो हात धरून बाईंना ही सुई द्यावी लागे. त्या १९३२ साली वारल्या. रुग्ण कोणत्या भाषेत कण्हतो हे तिथे महत्त्वाचे नसेल, पण "कुठे दुखते?" हे त्याच्या भाषेत विचारावेच लागे.

सेवा ही एकाच धर्माची मिरासदारी आहे असे मात्र कोणी समजू नये. पैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवनाचा पाया घातला. त्याआधी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केले होते. त्यांनी कोणाच्या हाती कोणताही ग्रंथ दिला नाही. ओसरीवरच्या दुसऱ्या माणसाला हे सांगायला हवे. "आपण काय काढले?" या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त ते उत्तर मोजक्या माणसांनी दिले, आपण सर्वांनी नाही.

आता आजचे पान. १९६२ साली रोमच्या आदेशाने केरळातल्या सिरो-मलबार पंथाच्या धर्मगुरूंकडे चांद्याचा भाग सोपवण्यात आला. पुढे १९९९ मध्ये आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि मंचिर्याल त्याचे केंद्र झाले. म्हणजे मल्याळी बोलणारा धर्मगुरू तेलुगू शिकतो, सीमेवर काम पडले तर मराठी शिकतो आणि पाड्यावर गेला तर चार वाक्ये गोंडीची. याखेरीज तेलुगू मंडळींनी काढलेल्या लहान लहान स्वतंत्र मंडळ्या आहेत. त्यांचे पास्टर बहुधा जवळपासच्याच गावातले, कष्टकरी घरातले, आठवडाभर मजुरी करून रविवारी उपदेश करणारे. गोरा साहेब या चित्रातून केव्हाच गेला. आज सांगणाराही आमच्याच मातीतला आहे आणि ऐकणाराही.

या पानाशी शाळेचा संबंध येतो तो दाखल-खारीज रजिस्टरमधून. मातृभाषा, धर्म, जात, असे तीन रकाने एका ओळीत असतात. एकदा मुलीला दाखल करायला एक बाई आल्या. घरची भाषा मराठी, समाज मातंग. मातृभाषेच्या रकान्यापर्यंत सगळे सुरळीत झाले. धर्माच्या रकान्याशी लेखणी थांबली. बाई म्हणाल्या, "लिहा गुरुजी, हिंदू. मोठ्याच्या दाखल्यावर हाय तसंच." बाहेर उभा असलेला त्यांचा मुलगा, नववीतला, पटकन म्हणाला, "आई, खोटं का सांगतीस? आपण तर प्रार्थनेला जातो." बाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "देवाला ठावं हाय, बाबा. सरकारला कशाला सांगायचं?"

पालकाने सांगितले ते लिहायचे, हा नियम. तसे लिहिले. पण त्या पोराचा चेहरा मला वाचता येत होता. खरे बोलावे हे त्याला शाळेनेही शिकवले होते आणि प्रार्थनेच्या खोलीनेही. आणि खरे बोलले तर बहिणीची शिष्यवृत्ती जाते, हे त्याला त्या क्षणी कळले.

असे का होते ते वाचकांनी समजून घेतले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे. आमच्याकडे त्याला मागासवर्गाच्या 'क' गटात टाकतात आणि तिथले आरक्षण अवघे एक टक्का. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. गोंड ख्रिस्ती झाला तरी कागदावर गोंडच राहतो. या प्रश्नाचा विचार करायला केंद्र सरकारने २०२२ साली एक आयोग नेमला. तोवर आमच्या पत्र्याच्या खोलीत बसणारे कितीतरी लोक रविवारी एक आणि कागदावर एक असे जगत आहेत. धर्म बदलला तरी गावाने जात बदलू दिली नाही, आणि कायदा म्हणतो की धर्म बदलला म्हणजे जात सुटली. यांतले खरे काय, ते त्या बाईंना पाणवठ्यावर विचारावे.

आणि जगण्याचे सोडाच, मरणाचेही तेच. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधल्या एका पास्टरचा मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. गावाने गावच्या भूमीत दफन करू दिले नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मते जुळली नाहीत, आणि शेवटी दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत बापाला पुरावे लागले. बस्तर आमच्यापासून फार लांब नाही. तिथेही गोंडी बोलणारी माणसे आहेत. ओसरीवर चहासोबत सुरू झालेली चर्चा कुठवर जाऊ शकते, ते यावरून समजावे.

याचा अर्थ सांगणाऱ्याला काहीच विचारू नये असा नाही. विचारलेच पाहिजे. केस्लापूरच्या नागोबाला पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणतात. ज्याने ती वाट एकदाही पाहिली नाही, त्या पायांची धूळ पाहिली नाही, त्याने नागोबाला खोटे म्हणण्याचा अधिकार कमावलेला नाही. मग तो कितीही गोड गळ्याने गावो. गोंडाची पाटी कोरी आहे असे समजून जो येतो तो आंधळा आहे. आणि ही समजूत पाद्र्यांपुरतीच नाही. गोंडाला आपल्या पंथात ओढणारे आमचे बुवाही तसेच येतात आणि त्याला मुख्य प्रवाहात आणणारे अधिकारीही तसेच येतात.

गोंडीला लिपी नाही, म्हणून ती भाषाच नव्हे, असे म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. आमच्याच नार्नूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीत लिहिलेल्या जुन्या पोथ्या निघाल्या. अभ्यासकांनी ती लिपी वाचली आणि २०१८ साली ती युनिकोडमध्ये गेली, म्हणजे संगणकावर लिहिता येऊ लागली. त्याच्या आधी १९४० च्या दशकात, कोमरम भीमच्या बलिदानानंतर, निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला इकडे पाठवले. त्याने मारलावाईला गोंड शिक्षक तयार केले आणि गोंडीची पहिली पुस्तके काढली, ती देवनागरीत. हा काही मिशनरी नव्हता, पण तोही आधी ऐकायला बसला. त्याची पत्नी बेट्टी आणि तो, दोघांची समाधी आज मारलावाईला आहे. आपले सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी म्हणून इकडे आले आणि गोंडी शिकून तिच्यावर ग्रंथ लिहून गेले. म्हणजे मराठी माणसाला हे जमत नाही असेही नाही.

साऱ्या वहीतून मला एकच गोष्ट हाती लागते. जे फक्त सांगून गेले त्यांचे शब्द वाऱ्यावर गेले. जे ऐकून गेले त्यांचे काम राहिले, मग ते क्रिस्तपुराण असो, लिंगोची गाथा असो, की डिचपल्लीच्या बाईंनी धरलेला हात असो. काय सांगितले यावर आपण भांडू शकतो, भांडावेही. किती ऐकले यावर भांडण होत नाही. ते दिसते.

आणि हे माप आम्हा सीमेवरच्या मराठी घरांनाही लागते. आमची तक्रार ठरलेली आहे. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत चालले, कचेरीत मराठी अर्ज कोणी वाचत नाही, आमची पोरे घरात मराठी आणि पाटीवर तेलुगू-इंग्रजी अशी अर्धी अर्धी वाढतात. तक्रार खरी आहे. आमचे कोणी ऐकावे असे आम्हाला वाटते. मग आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या गोंडाची भाषा आम्हाला काट्यावर वजन सांगण्यापुरतीच का येते? त्याचे ऐकायला आज कोणी केरळातून येतो, कोणी विजयवाड्याकडून येतो. आला म्हणून आपण रागावतो. जिथे शेजारी ऐकत नाही तिथे पाहुणा ऐकायला येतोच, आणि ऐकणाऱ्याच्या मागे माणूस चालू लागतो. यात कारस्थान किती असेल ते असो, पण मनुष्यस्वभाव मात्र नक्की आहे.

त्या नववीतल्या पोराने यंदा गोंडी मित्राकडून दहापर्यंतचे आकडे शिकून वर्गात म्हणून दाखवले. वर्ग आधी हसला, मग म्हणू लागला. त्या हसण्यात चेष्टा कमी आणि नवल जास्त होते. प्रार्थनेला कोण कुठे जातो हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते. रजिस्टरच्या तीन रकान्यांपैकी दोन शासन ठरवते. पहिला, भाषेचा, तेवढा आपल्या हाती आहे, आणि त्यात एकच शब्द लिहायला हवा असा नियम निदान माणसांसाठी तरी कोणी केलेला नाही.